शुक्रवारची चाल

ईस्टर होऊन गेला की आमच्या घरात ती चाल गुणगुणायलासुद्धा बंदी असे. पापा, म्हणजे माझे वडील, एरवी गाण्याच्या बाबतीत उदार माणूस. धंदा शिंप्याचा. ओसरीवर मशीन, आणि मशीनवर बसले की खाली पाय चाललेले आणि वर तोंड. रेडिओवरची गाणी, गोव्याकडचे मांडो, नाटकातली पदं, जे सापडेल ते गात आणि शर्टाच्या कॉलरी उलटवत. मात्र भांडी घासताना माझ्या तोंडातून चुकून ती एक चाल निघाली तर मशीन थांबे. "फिलू," ते म्हणत, "ता खंयसून काढलंस थंय परत ठेव." जणू मी त्यांची कापडाची कात्री उचलली होती. राखेच्या बुधवारी ती चाल बाहेर निघायची, उपासाच्या सगळ्या काळात रोज संध्याकाळी व्हायोलिनवर घासूनपुसून लख्ख व्हायची, गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये गायली जायची, की झाली वर्षभरासाठी बंद. तिला नाव नव्हतं. आम्ही तिला शुक्रवारची चाल म्हणत असू.

ती चाल माझ्या आजोबांनी बांधली, असं आमच्या वाडीत सगळेच मानत. आजोबांना मी पाहिलेलं नाही, पापांनीसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. ते लहानपणी गोव्यात एका चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले आणि मचव्यातून व्हायोलिन छातीशी धरून परत आले, इथल्या चर्चमध्ये त्यांनी पहिल्यांदा गाणारी माणसं उभी केली आणि लोक त्यांना मेस्त, म्हणजे गाण्याचे मास्तर, म्हणू लागले, एवढीच त्यांची हकीकत घरात शिल्लक होती. फोटो नव्हता. पापांना बापाचा चेहरा आठवत नसे, फक्त चर्चमधला आवाज आठवे, आणि तो आवाज ती चाल म्हणत असलेला. पुढे मेस्त हे नाव पापांकडे आलं, व्हायोलिन आलं आणि ती चाल आली. घर मायच्या माहेरचं, जमीन कुळाची. तेव्हा बापाकडून आलेलं असं पापांपाशी काय होतं, तर हेच.

उपासाच्या दिवसांतल्या आमच्या घराचे आवाज आणि वास मला अजून वेगवेगळे सांगता येतील. मटण, कोंबडी बंद. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचं किसमूर, दुपारी कुळथाची पिठी नाहीतर सोलांची कढी, आणि शुक्रवारी पेजेबरोबर नुसती खारातल्या कैरीची फोड. माय म्हणे, "देवाक उपास पावतलो काय नाय ठावक नाय, पण माझो रॉकेलचो खर्च वाचता." संध्याकाळी समुद्रावरचा वारा पडायचा, माडांची सळसळ थांबायची आणि त्या शांततेत पापा व्हायोलिनची पेटी उघडत. नेमका तोच मायचा मसाला कुटायचा वेळ. पडवीतल्या वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, ती मिरची-धणे घालायची आणि मुसळ हाणायची. ओसरीवर व्हायोलिन, पडवीत मुसळ. दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासाठी वेळ बदलला नाही. आमच्याकडे याला कुणी भांडण म्हणत नसे, संसार म्हणत.

आता बाबलकाका. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा. बाबल गावडे पावसाळ्यात भातशेती करत, काजूची राखण करत, आणि दिवाळी झाली की दशावताराच्या कंपनीबरोबर हार्मोनियमची पेटी घेऊन निघत ते थेट मे महिन्यापर्यंत. आज वालावल, परवा कुणकेश्वरच्या बाजूला, मध्ये तळेऱ्याच्या नाक्यावर एसटी बदलताना पेटी डोक्यावर. मधल्या मोकळ्या दिवशी घरी. पापांचं आणि त्यांचं गोत्र एकच, संगीताचं. खाऱ्या हवेने व्हायोलिनच्या तारा रोज उतरायच्या, आणि आमच्याकडे त्या लावायला दुसरं साधन नव्हतं. मग पापा ओसरीवरून हाक मारत, "बाबल, सूर दी रे!" आणि गडग्यापलीकडून पेटीची पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, लांबलचक वाजू लागे. पापा तार पिळत, कान देत, पुन्हा पिळत. तार जुळली की ओरडत, "पावलो!" आणि पेटी थांबे. बाबलकाका बाहेरगावी असले की पेटीच्या जुन्या सांगाड्यातली त्याच सुराची पितळी जीभ त्यांची बायको, आमची काकी, फुंकून देई. म्हणजे आमच्या चर्चचं सगळं गाणं दशावताराच्या पेटीवर उभं होतं, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

गुड फ्रायडेची गंमत तर याहून न्यारी. त्या दिवशी चर्चमध्ये वाद्य वाजत नाही, घंटासुद्धा नाही. घंटेच्या जागी मात्राक नावाची लाकडी फळी खडखडवतात. तेव्हा चालीचा पहिला सूर मेस्तने गळ्यातूनच द्यायचा. पापांना स्वतःच्या गळ्याचा भरवसा नव्हता. म्हणून ते दुपारी काळा कोट घालून आधी बाबलकाकांच्या घरापुढच्या खळ्यात जात, पेटीवरून सूर घेत, आणि तो हुंकारत, न सोडता, चर्चपर्यंत चालत. वाटेत बोलले की सूर गेला. माय पुढे जाऊन लोकांना सांगे, "बोला नको हां, ते सूर घेवन येतत." मासळीवाल्या टोपली टेकवून बाजूला होत, सायकलवाले उतरत. हुंऽऽऽ करत काळ्या कोटातले पापा वाटेच्या मधून जात आणि सगळी वाडी त्यांना वाट करून देई. मोठेपणी शिक्षिका म्हणून मी बऱ्याच गावांत राहिले, पण असा मान कुठल्या मंत्र्याला मिळालेला पाहिला नाही.

मी आठवीत होते त्या वर्षीच्या जत्रेनंतर हे सगळं मोडलं. जत्रा आमच्याच गावच्या देवळाची. दुसऱ्या दिवशी सकाळी पापा मशीनला तेल घालत होते आणि मी काज करत बसले होते. बाबलकाका गडगा ओलांडून आले. डोळे जागरणाने लाल, हातात जत्रेतल्या गोड खाजांचा पुडा, आणि चेहरा असा फुललेला की त्यांना नातू झाला की काय असं मला वाटलं.

"इनास, बायर ये रे! तुझ्या बापाशीच्या चालीर काल अख्खी जत्रा रडली!"

पापांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "खंयची चाल?"

"ती रे, तुझी शुक्रवारची! राणीचो झील साप चावान मरता ना, थंय घातलंय. बायलांचा सोड, आमचो भोपळे विकणारो सोमा पण नाक पुशी होतो!"

बाबलकाकांना वाटत होतं की त्यांनी मित्राच्या बापाला केवढा मान मिळवून दिला. दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि लिहिलेलं पुस्तक नसतं. नट आपल्या मनाने बोलतो, पेटीवाला आपल्या मनाने चाल लावतो, आणि चांगली चाल कुठूनही उचलली तरी तिचा सन्मानच होतो, अशी ती रीत. पापांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं, बाबलकाकांना मात्र दिसलं नाही.

"आमच्या देवाच्या मरणाची चाल ती," पापा म्हणाले. "ती तू लुगडा नेसलेल्या बापयाच्या तोंडात घातलंस?"

"मगे काय झाला? ती पण मरणाचीच जागा."

"माझ्या बापाशीची वस्तू ती. वर्षातसून एकदा आमी ती काढतो. माका इचारलंस? चोरी म्हणतत ह्येका, बाबल. चोरी."

बाबलकाकांचं हसू चेहऱ्यावरच अडकलं. ते काहीतरी बोलणार होते, पण माय दारात आली, मी बघत होते, बोळातून पाण्याला निघालेल्या दोघीजणी थांबल्या होत्या. त्यांनी खाजांचा पुडा पायरीवर ठेवला आणि गडग्यावरून न जाता फाटकातून, परक्या माणसासारखे निघून गेले. पुड्याला कुणी हात लावला नाही. दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागल्या आणि मायने तो उचलून माडाच्या मुळात टाकला. खाजांवर जीव असलेल्या मला त्या वेळी काय वाटलं, ते लिहायचं म्हटलं तर अजून राग येतो. दोन मोठी माणसं, आणि त्यांना कळत नव्हतं की भांडणात आमचंही काही मोडतं.

पापा तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला, माप घेता घेता, त्यांनी ती चोरी सांगितली. छातीचं माप घेताना सुरुवात, आणि बाहीशी येईपर्यंत बाबल गावडे चोर. नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे दोदोल आणि नेवऱ्यांचा फराळ गेला नाही. त्यांच्याकडून संक्रांतीला येणारी तिळाची वडीही आली नाही. काकी विहिरीवर मला बघून हसायची, पण बोलायची नाही. बाबलकाका घरी असले तरी संध्याकाळी पेटी काढेनासे झाले.

मग उपासाचा काळ आला आणि पापांना कळलं की आपल्याकडे सूर नाही. व्हायोलिनच्या तारा त्यांनी अंदाजाने लावल्या. चर्चच्या पोर्चमध्ये गाणाऱ्यांची तालीम सुरू झाली तर चाल रोज वेगळ्या उंचीवर. कातरीन म्हणून एक बाई होती, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. ती म्हणाली, "मेस्त, काल आमका बावीत उतरयलास आनी आज माडार चढयतास. उद्या खंय नेतलास ता आधीच सांगा, म्हणजे तसा लुगडा नेसान येतंय." सगळे हसले. पापा हसले नाहीत. गडग्यापलीकडे एक पट्टी दाबली की काम झालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या चर्चला नवीन फादर आले होते. वसईकडचे, तरुण, गाण्याचे शौकीन, आणि त्यांच्याकडे कॅसेट लावायचं यंत्र होतं. एका संध्याकाळी ते तालमीला येऊन बाकावर बसले. पापांनी चाल सुरू केली तशी त्यांची मान डोलू लागली आणि दुसऱ्या ओळीपासून तेही हलक्या आवाजात बरोबर गाऊ लागले. पापांचा हात थांबला.

"फादर, ही चाल तुम्हाला कशी माहीत?" फादरांशी पापा नेहमी शाळेतलं मराठी बोलत.

"मास्तर, ही तर जगभर गातात! आम्हाला सेमिनरीत एका म्हाताऱ्या जर्मन फादरांनी शिकवली. जर्मन चाल आहे ही, शेकडो वर्षांची. तुमच्याकडे एवढ्या आडबाजूला कशी पोचली याचंच मला आश्चर्य वाटतंय."

त्यांच्या मनात काही नव्हतं. कौतुकाने बोलत होते बिचारे. दुसऱ्या दिवशी ते कॅसेट घेऊन थेट आमच्या ओसरीवर आले. बटण दाबलं, थोडी खरखर झाली आणि मग माणसांचा एक मोठा समुदाय आमची शुक्रवारची चाल गाऊ लागला. अनोळखी भाषेत, चार-चार आवाजांत, पण तीच. तिथेच चढणारी, तिथेच उतरणारी. पापा म्हणाले, "परत लावा." फादरांनी परत लावली. मग ते सांगू लागले. एका मोठ्या जर्मन संगीतकाराने क्रूसावरच्या मरणाची कथा संगीतात बांधली तेव्हा ही चाल तिच्यात पुनःपुन्हा आणली, दर वेळी खाली वेगळे सूर घालून, म्हणून ती कधी दुःखाची वाटते, कधी धीर देणारी. पण चाल त्याचीही नव्हे. त्याच्याआधी कितीतरी वर्षं ती चर्चमध्ये गात होते. आणि चर्चच्याही आधी ते एक साधं प्रेमाचं गाणं होतं. एका मुलीपायी जीव कासावीस झालाय, असं म्हणणाऱ्या मुलाचं.

"प्रेमाचं?" पापांनी विचारलं.

"हो. ठेकासुद्धा नाचरा होता. नंतर कुणीतरी त्यावर प्रार्थनेचे शब्द बसवले आणि चाल संथ केली."

आता माझा भाचा मला मोबाइलवर हव्या तितक्या तऱ्हा ऐकवतो. ऑर्गनवर, पियानोवर, एकट्या गिटारवर कुणीतरी बंधुभावाचं गाणं केलेली, सॅक्सोफोनवर वाकडीतिकडी वळवलेली. ते मूळचं प्रेमाचं गाणंही ऐकलं. गोड आहे, थोडं घाईतलं. आज मला त्या सगळ्याची मौज वाटते. त्या दिवशी ओसरीवर मात्र मला पापांकडे बघवत नव्हतं. फादर गेल्यावर ते मशीनवर बसले, सुईत दोरा ओवला, आणि तसेच बसून राहिले. बापाचा फोटो नसलेल्या माणसाकडून त्या यंत्राने बापच काढून नेला होता. आजोबांनी कधी म्हटलं होतं का, की चाल मी बांधली? कुणी ऐकलेलं नव्हतं. लोकांनी मानलं, पापांनी त्यावर आयुष्य उभं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालीम घेतली नाही. चर्चमध्ये निरोप धाडला की औंदा शुक्रवारी दुसरं काहीतरी म्हणूया. व्हायोलिन पेटीत गेलं. मायने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मसाला कुटता कुटता ती मुसळ हातात घेऊनच ओसरीवर आली.

"म्हणजे आधी ती प्रेमाची चाल होती?"

पापांनी मशीनचं चाक उगाच फिरवलं.

"माका वाटलाच. लग्नाच्या आधी तुमी आमच्या दारावयन जाताना ती शिटीर वाजयत जावात. उपास नसताना. तेवां बापाशीची वस्तू आठवली नाय तुमका."

पापांचे कान लाल झाले. मी काजांकडे बघत हसू गिळलं.

"आनी दुसरा सांगतंय," माय म्हणाली. "त्या लोकांनी पोरीची चाल उचलून देवळात नेल्यानी, ती चोरी नाय. तुमच्या बापाशीन गोंयात ऐकून हंय आणल्यान, ती चोरी नाय. एकट्या बाबलान चार घरां पलीकडे नेल्यान, तोच कसो काय चोर?"

ती परत पडवीत गेली आणि मुसळ जोरात सुरू झालं. पापा बराच वेळ अंगठ्याने कापडाची घडी दाबत राहिले. मग उठले, घरातल्या बनियनवर शर्ट चढवला, आणि मला म्हणाले, "चल गो." एकट्याने जायचा धीर होत नव्हता, एवढं मला कळलं.

बाबलकाका खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होते. आम्हाला फाटकातून येताना त्यांनी पाहिलं आणि बिया पसरणं चालूच ठेवलं. पापा खळ्याच्या कडेला उभे राहिले.

"बाबल, ती चाल माझ्या बापाशीची नाय."

बाबलकाकांनी मान वर केली नाही. "मगे कोणाची?"

"जर्मन लोकांची. त्यांच्याय आधी कोणा पोराची. फादरांनी टेप लावून दाखयल्यानी."

"तू माका चोर म्हटलंस, इनास. शर्टाची मापां घेताना म्हटलंस. माझ्या मेव्हण्याक पण सांगलंस."

"होय. सांगलंय."

"कंपनीत माका लोक इचारतत, बाबल, नवीन काय चोरलंस?"

"आता सगळ्यांका सांगतंय, चोर मी पण आसंय. बाप पण चोरच होतो."

पापांचा आवाज शेवटच्या शब्दावर फुटला. बाबलकाका तेव्हा उभे राहिले. हाताला लागलेली माती त्यांनी धोतराला पुसली.

"बापाशीक चोर म्हणा नको," ते म्हणाले. "त्येणां ती चाल गोंयातसून गळ्यात घालून आणल्यान, होडयेत सांडल्यान नाय, ह्या काय कमी आसा? बस. आपण दोघे एकाच तुरुंगात बसाया."

काकीने पाट टाकले, गुळाचा खडा आणि पाणी आणलं. मग बाबलकाका आत जाऊन पेटी घेऊन आले, आणि इतक्या महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. त्यांनी ती चाल वाजवली. पहिल्या दोन ओळी, मग त्याच पुन्हा, अगदी पापांसारख्या. पाचव्या ओळीला चाल वर चढायला हवी होती. ती चढलीच नाही. उलट खाली बसली, एका कोमल सुराभोवती घुटमळली, आणि मग हळूच उठून सहाव्या ओळीला जाऊन मिळाली.

"हंय खंय गेलंस?" पापा ताडकन म्हणाले.

"मगे काय करू?" बाबलकाकाही चिडले. "पयल्या ओळी दोनदा येतत, त्या माका गावल्यो. पाचवी येकदाच येता, आनी ती तू वाजयतंस हळू. त्याच वक्ताक तुझी बायल वायनात धाड धाड धाड! इतकी वर्षां गडग्याक कान लावन बसलंय, पण ती ओळ माका कधी आयकाक येवक नाय. शेवटाक म्हटलंय, मरो, आपलीच घालूया."

मी इतकी हसले की काकीने माझ्या पाठीत धपाटा घातला. पापा मात्र हसत नव्हते. ते पुढे सरकून बसले होते.

"परत वाजय," ते म्हणाले. "फकत पाचवी."

बाबलकाकांनी वाजवली. पापांनी परत म्हटलं, परत वाजय. मग ते ती ओळ तोंडाने म्हणू लागले, सुरुवातीला चाचपडत, नंतर डोळे मिटून. एवढ्या मोठ्या समुदायाने चार-चार आवाजांत गायलेली ती उंच ओळ कॅसेटवर ऐकताना ते दगडासारखे बसले होते. गडग्याला कान लावून बसलेल्या माणसाच्या या ओळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. बाबलकाका पेटीवर मान घालून वाजवत राहिले.

तालीम दुसऱ्या दिवशी सुरू झाली, तारा पांढरी सहाला लावून. पापांनी सगळ्यांना पाचवी ओळ नवी शिकवली. कातरीन म्हणाली, "बरा झाला, वर चढताना माझो जीव जाय होतो." फादर मात्र गोंधळले. "मास्तर, कॅसेटवर अशी नाही."

"नाही, फादर," पापा म्हणाले. "पण एवढ्या लोकांनी हिला हात लावला. आमच्या वाडीचा पण एक हात असूदे."

फादर तरुण होते, पण शहाणे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या गुड फ्रायडेला पापा सूर घेऊन निघाले तेव्हा वाटेवर मायला काही सांगावं लागलं नाही. सगळी वाडी आधीच बाजूला होऊन उभी होती. चर्च गच्च भरलेलं. वेदीवरची फुलं, कापडं काढलेली, क्रूस जांभळ्या कापडाने झाकलेला, उकाडा, आणि मेणाचा वास. मात्राक खडखडली आणि शांत झाली. पापांनी वाटभर आणलेला सूर तोंड उघडून सोडला आणि सगळे त्यात शिरले. पाचव्या ओळीला चाल खाली बसली तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मी बाजूच्या दाराकडे पाहिलं. बाबलकाका उंबऱ्याबाहेर उभे होते, पुढे दर वर्षी राहत तसेच, चपला हातात, धुतलेलं धोतर. ओठ हलत होते. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा ती पाचवी ओळ चर्चमध्ये ऐकत होता, आणि ती त्याचीच होती. पापांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण पुढची ओळ त्यांनी जितकी मोठ्याने म्हटली तितकी कधीच म्हटली नव्हती.

दोघेही आता नाहीत. पापा आधी गेले. त्यांच्या मयताला बाबलकाका दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहून एकटेच ती चाल गुणगुणले, आणि उपासाचा काळ नसताना गुणगुणले म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. मग काही वर्षांनी तेही गेले.

यंदाच्या गुड फ्रायडेला मी गावी होते. चर्चला नवं छप्पर आलंय, पंखे आलेत. गाणाऱ्यांना शिकवते एक चुणचुणीत मुलगी, कुडाळच्या कॉलेजात शिकणारी. मोबाइलवर ऐकून तिने चाल अगदी शुद्ध बसवून घेतली होती. पहिल्या चार ओळी सगळं चर्च एकत्र चाललं. पाचव्या ओळीला तिची पोरं वर चढली, आणि मागच्या बाकांवरचे आम्ही सगळे म्हातारे, कुणी ठरवलेलं नसताना, खाली बसलो. एक ओळभर चर्चमध्ये दोन चाली चालू होत्या. पोरं घाबरून मागे वळून बघू लागली. आम्ही काही थांबलो नाही. सहाव्या ओळीला सगळे पुन्हा एकत्र आलो.

बाहेर पडताना ती मुलगी माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती, उलट मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलत होती. "मावशी, पाचव्या ओळीत तुमी सगळी चुकतास. थंय वर जावक होया."

"ता चुकणा नाय गो बाय," मी म्हटलं. "ते बाबलकाका."

तिने थोडा विचार केला. चर्चच्या जुन्या माणसांत हे नाव तिने ऐकलेलं नसावं. मग विचारलं, "ते आमच्या चर्चचे मेस्त होते?"

मला हसू आलं आणि मी पायरीवर बसले.

"नाय गो," मी म्हटलं. "ते चर्चच्या भायर उभे रवत."